डब्याचे खरे वय दाखवून देणाऱ्या अभ्यासकांस आभारपत्र

आदरणीय महोदय,

सादर नमस्कार.

माझ्या संग्रहातील अमेरिकन रेल्वेच्या प्रवासी डब्यांचे एक जुने छायाचित्र कोणत्या काळातले, असे मी आपणांस विचारले, तेव्हा दोन ओळींचे उत्तर आले असते तरी मी समाधान मानले असते. आपण मात्र छायाचित्राची अधिक मोठी प्रत मागवून घेतलीत आणि प्रत्येक निष्कर्षाचे कारण सविस्तर लिहून पाठवलेत. त्या परिश्रमांबद्दल हे जाहीर आभार.

छायाचित्राच्या पाठीवर शाईने १८९५ असे लिहिलेले होते आणि डब्याचे मधोमध उंचावलेले छप्पर व खिडक्यांच्या जोड्या पाहून मीही तेच वर्ष धरून चाललो होतो. आपण मला खिडक्या सोडून डब्याच्या पोटाखाली पाहायला सांगितलेत. सावलीचा तो भाग उजळून मोठा केला, तेव्हा लाकडी डबा मध्ये वाकू नये म्हणून तळाखाली जे लांब लोखंडी ताणगज बसवलेले असत, त्यांचा मागमूसही दिसला नाही; बाजूच्या पत्र्यावर मात्र टाचणीच्या डोक्याएवढ्या रिव्हेटांची, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची, सरळ रांग उमटली. काही लाकडी डब्यांवर पुढे नुसता पोलादी पत्रा चढवला गेला असल्याने केवळ रिव्हेट पाहून भागत नाही, ही आपली सूचना मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे. दोन्ही खुणा मिळून डबा पोलादी ठरला; आणि शयनयाने बांधणाऱ्या अमेरिकेतील पुलमन कंपनीचे संपूर्ण पोलादी शयनयान मोठ्या संख्येने बांधले जाऊ लागले ते १९१० च्या सुमारास. म्हणजे पंधरा वर्षे तिथेच सरकली.

त्याहून मोठा उलगडा छपराने केला. उंचावलेल्या भागाच्या एका बाजूची लहान खिडक्यांची ओळ जिथे बुजल्यासारखी दिसते, तिथे वातानुकूलनाची हवावाहिनी बसवलेली आहे, हे आपण दाखवलेत. बाल्टिमोर अँड ओहायो या अमेरिकन रेल्वेची पूर्ण वातानुकूलित गाडी १९३१ मध्ये धावली आणि त्यानंतर जुन्या डब्यांतही ही सोय होत गेली, त्यामुळे आमचे छायाचित्र त्या दशकाच्या आधीचे असूच शकत नाही. खिडक्यांच्या सहा जोड्या आणि टोकाकडची बदललेली मांडणी यांवरून हा बारा सेक्शन (रात्री खालीवर शय्या होणाऱ्या समोरासमोरच्या आसनांचे कप्पे) व एक ड्रॉइंग रूम (बंद खासगी खोली) असलेला, पुलमनचा सर्वाधिक प्रचलित शयनयान डबा आहे, हेही आपण पटवून दिलेत.

आपण मराठीत सबंध डब्यालाच बोगी म्हणतो. खरी बोगी म्हणजे खालचा चाकांचा सांगाडा, आणि तो तीन आसांचा आहे की दोन, हे मोजायची सवय मला आपल्यामुळे लागली. रंगाबाबतचा इशाराही मोलाचा. त्या काळच्या अनेक फिल्मना लाल रंग दिसतच नसे, त्यामुळे पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा तांबडा डबा आणि पुलमनचा गडद हिरवा डबा छायाचित्रात सारखेच काळे उमटतात.

मूळ नोंद करणाऱ्याला आपण चूक ठरवले नाहीत, १८९५ हे कदाचित छायाचित्रातले स्थानक उभारल्याचे वर्ष असेल असे सुचवलेत, हे मला विशेष भावले. शाईतले १८९५ मी तसेच ठेवले आहे. त्याच्या खाली पेन्सिलीने ‘छायाचित्र १९३० नंतरचे’ असे लिहून आपली कारणे जोडली आहेत.

आपला कृतज्ञ,
एक संग्राहक