आधी ‘नाही’ शिकवणाऱ्या बाईंना

बाई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी मुलांपर्यंत तुमची पद्धत पोहोचायला हवी. स्वतःची ओळख करून देण्याची वाक्यं झाल्याबरोबर तुम्ही आम्हाला नकार शिकवलात. परक्या गावात आधी तोच लागतो, असं तुमचं म्हणणं. माद्रिदला राहायला आल्यावर ते मला रोज पटत गेलं. ‘नो एन्तिएन्दो’, समजलं नाही. ‘नो तेंगो’, माझ्याकडे नाही. ‘तोदाविया नो’ म्हणजे अजून नाही, आणि ‘या नो’ म्हणजे पूर्वी होतं, आता नाही. बँकेत, दवाखान्यात, घरमालकाशी बोलताना एवढ्यावर माझं निभावलं.

नियम तुम्ही किती थोडक्यात सांगितलात! ‘नो’ क्रियापदाच्या आधी. मध्ये शिरायची मुभा फक्त ‘मे’, ‘ते’, ‘लो’ अशा छोट्या सर्वनामांना. ‘नो लो से’, मला ते माहीत नाही. ‘नो ए कोमीदो’, मी जेवले नाही. इथे ‘ए’ आणि ‘कोमीदो’ यांच्यामध्ये काही घालायचं नाही. ‘नादा’ (काही नाही), ‘नादिए’ (कुणी नाही), ‘नुंका’ (कधीच नाही) क्रियापदानंतर आले तर आधी ‘नो’ हवाच: ‘नो बीनो नादिए’, कुणी आलं नाही. ‘नादिए’ पुढे आणला की ‘नो’ जातो: ‘नादिए बीनो’. दोन नकार मिळून होकार होतो, ही इंग्रजीच्या तासाला बसलेली धास्ती तुम्ही तिथल्या तिथे घालवलीत.

पण खरं ऋण आहे ते तुम्ही मराठीचा आधार घेतलात त्याचं. ‘नो मे गुस्ता’ला तुम्ही ‘मला आवडत नाही’ हेच वाक्य शेजारी लिहिलंत. मग कुणी ‘नो आब्लो फ्रान्सेस’, मी फ्रेंच बोलत नाही, असं म्हटलं तर ‘यो ताम्पोको’, मीही नाही. आणि ‘नो मे गुस्ता’ म्हटलं तर ‘आ मी ताम्पोको’, मलाही नाही. मी आणि मला यांतला फरक मराठी माणसाला वेगळा शिकवावा लागत नाही. इंग्रजीवरून आलेले माझे इथले वर्गमित्र याच जागी अडखळायचे.

आज्ञार्थाचंही तसंच. ‘आब्ला’ म्हणजे बोल, पण बोलू नकोस म्हणताना ‘नो आब्लेस’. ‘बोल नकोस’ असं आपणही म्हणत नाही, क्रियापदाचं रूप बदलतोच की, असं तुम्ही म्हणालात आणि सगळा वर्ग एकदम सावरून बसला. ‘दीमेलो’, सांग ना मला ते. नकार आला की शेपटीला चिकटलेली सर्वनामं सुटून पुढे येतात: ‘नो मे लो दिगास’. हे मला अजूनही फार देखणं वाटतं.

आता नवराही इथे आलाय. त्याला मी तुमच्याच क्रमाने शिकवते. सध्या पुल्लिंगी एकवचनी नामाआधी ‘निंगूनो’चा (कुठलाच नाही) ‘निंगून’ होतो, तिथवर आलो आहोत. पुण्याला आलो की दोघंही तुमच्याकडे येऊ. त्याची परीक्षा तुम्हीच घ्या.

मनापासून आभार, बाई.

तुमची विद्यार्थिनी