तक्त्यात न बसलेला किर्केगार्ड

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

एम.ए.ला असताना मी ड्रॉइंगपेपर चिकटवून केलेला पाश्चात्य तत्त्वज्ञानाचा तो तक्ता आठवतो? पहिला ग्रीक तत्त्वज्ञ थेलीस, त्याच्यापासून निघालेले सगळे बाण सगळं एकाच व्यवस्थेत बसवू पाहणाऱ्या जर्मन हेगेलच्या चौकटीत जाऊन थांबत होते. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून विचारलंत, "यात किर्केगार्ड कुठे?" मी म्हटलं, "तो बसत नाही, बाई." "मग तिथूनच सुरू कर."

या डॅनिश विचारवंताने 1849 साली व्यवस्था रचणाऱ्यांची केलेली थट्टा तुम्ही तेव्हाच सांगितलीत. विचारवंत विचारांचा भलाथोरला महाल बांधतो आणि स्वतः राहतो शेजारच्या कोठारात, नाहीतर कुत्र्याच्या खोपटात!

मग फ्रेंच तत्त्वज्ञ ल्योतारचं 'द पोस्टमॉडर्न कंडिशन' दिलंत. 'महाकथनांवरचा अविश्वास' (महाकथन म्हणजे सगळ्याचा अर्थ लावू पाहणारी एकच मोठी गोष्ट) एवढे दोनच शब्द मी उचलले. ते 1979चं पुस्तक मुळात क्वेबेक सरकारच्या विद्यापीठ परिषदेसाठी लिहिलेला अहवाल होता, आणि ते लिहिणाऱ्याने दशकभराहून अधिक काळ मार्क्सवादी गटांत काम केलं होतं, हे तुम्ही मुद्दाम सांगितलंत. त्याचा अविश्वास फुकटचा नव्हता. माझा होता.

कारण नंतर मी असह्य झालो. कुणी काही बोललं की "हेही एक कथनच." एकदा आजोबा 1982च्या गिरणी संपाबद्दल बोलत होते, त्यांनाही तेच ऐकवलं आणि वर तुम्हाला कौतुकाने सांगितलं. तुम्ही इतक्या चिडलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. "अरे, त्यांचा पगार बंद झाला होता. आणि सगळी कथनं सारखीच, हे तुला कुठल्या गच्चीवरून दिसलं?" आजोबांची माफी मागायला लावलीत.

शिक्षा म्हणून (तुम्ही शिक्षा म्हणाला नाहीत) हेगेलच्या 1807च्या 'फेनोमेनॉलॉजी ऑफ स्पिरिट'ची प्रस्तावना ओळ न् ओळ वाचून घेतलीत. महिना गेला. 'सत्य म्हणजे समग्र' या वाक्यावर तर तीन दुपारी. पटलं नाहीच, पण आपण काय नाकारतोय ते पहिल्यांदा कळलं. अमेरिकन तत्त्वज्ञ रॉर्टी त्यानंतर वाचला म्हणून बरं झालं. तो म्हणतो, व्यवस्था रचणारे अनंतकाळासाठी बांधतात. ड्यूई, हायडेगर, उत्तरकालीन विट्गेन्स्टाइन यांच्यासारखे तत्त्वज्ञ आपल्या पिढीपुरतं मोडतात. मोडणाऱ्याला समोर काहीतरी उभं लागतंच. ते उभं करून दाखवायला तुम्ही वर्गाबाहेरच्या किती दुपारी दिल्यात, त्याचे आभार तेव्हा मानायचे राहिले. ते आज सगळ्यांदेखत मानतो.

तुमची हेगेलची प्रत अजून माझ्याकडेच आहे. दिवाळीत आणून देतो. समासात पेन्सिलीने बरंच भांडलोय. खोडू की राहू दे, ते कळवा.

तुमचा विद्यार्थी