घरकुलांची ओळ आखण्याआधी वाडीला विचारा

महोदय,

पालघर-रायगडच्या कातकरी वाड्यांवर पीएम-जनमन या केंद्राच्या, अतिमागास आदिवासींसाठीच्या योजनेतून घरकुले बांधली जात आहेत. एका घराला दोन लाख रुपये अनुदान आणि किमान २५ चौरस मीटर जागा, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. घराचे तोंड कुठे असावे, भिंत कशाची असावी, हे योजनेने ठरवून दिलेले नाही. तरी अनेक ठिकाणी एकाच नकाशाची घरे ओळीत आखली जातात.

कुडाच्या घरात कारवीच्या काठ्यांचा कूड, म्हणजे ताटीची भिंत, मेढींना (लाकडी खांबांना) बांधून दोन्ही अंगांनी शेणमातीने लिंपतात. तो छपरापर्यंत भिडवत नाहीत. त्या फटीतून धूर निघतो आणि जाता जाता वाशांची कीड मारतो. स्लॅबच्या बंद खोलीत चूल पेटली की धूर कोंडतो, म्हणून चूल बाहेर जाते. मग पावसाळ्याआधी पक्क्या घराला लागून पुन्हा कुडाची खोपी उभी राहते. याला लोकांचा अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. चूक नकाशाची आहे.

आखणी पावसात करावी. जुलैत वाडीभर फिरले की पाणी कुठून उतरते ते दिसते; उन्हाळ्यात दोरी लावलेली ओळ हमखास ओहोळावर येते. मग मोकळ्या जागेवर राखेने खऱ्या मापाचे घर आखावे आणि चूल, हंडे, जळण, कोंबड्यांचा खुराडा कुठे बसतो ते बायकांनी ठरवावे. जोते दगडी, दीड-दोन फूट उंच. छप्पर अडीच फूट तरी बाहेर हवे, नाहीतर पागोळ्या भिंतीचा पाया खातात. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मुळीच नको: ओल आत अडकते, पापुद्रे सुटतात, मागे वाळवी लागते. भावकीची घरे एका अंगणाभोवती राहू द्यावीत. मागे परस नसेल तर भाजीचा वेल चढवायचा कुठे?

अनेक वाड्या दुसऱ्यांच्या खासगी मालकीच्या जमिनीवर आहेत. तिथे जागेचा प्रश्न आधी सोडवावा लागेल.

अनुसूचित क्षेत्रात १९९६चा पेसा कायदा (आदिवासी भागांतील ग्रामसभांना अधिकार देणारा) आणि राज्याचे २०१४चे नियम पाड्याच्या स्वतंत्र ग्रामसभेला मानतात. तेव्हा अनुदानाचा पहिला हप्ता सोडण्यापूर्वी आखणीवर त्या ग्रामसभेचा ठराव घ्यावा, आणि ती सभा तालुक्याच्या कचेरीत न भरवता वाडीवरच, लोक मजुरीहून परतल्यावर संध्याकाळी घ्यावी.

— एक वाचक, जव्हार (जि. पालघर)