नव्या इंजिनाला थोडा जोर लावू द्या

संपादक महाशय,

दसरा-दिवाळीला मुंबईत अनेक घरी नवी गाडी येते. शोरूममध्ये हार-नारळ होतो, मोबाइल गाडीला कसा जोडायचा हे अर्धा तास समजावले जाते आणि इंजिनाबद्दल एकच वाक्य कानावर पडते, ‘पहिले हजार किलोमीटर सांभाळून चालवा.’ या ‘सांभाळून’चा अर्थ बहुतेक जण ‘हळू’ असा घेतात. चूक तिथेच होते.

नव्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर होनिंगच्या, म्हणजे घासून केलेल्या सफाईच्या, बारीक, तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा असतात. सिलिंडरमध्ये वरखाली होणाऱ्या पिस्टनच्या रिंगा त्या रेघांच्या कंगोऱ्यांवर घासून भिंतीशी जुळाव्या लागतात. रिंगेला भिंतीवर दाबतो तो मुख्यतः तिच्या मागे शिरणारा जळत्या वायूचा दाब. ॲक्सिलरेटरवर पाय जेमतेम टेकवला तर तो दाब पुरत नाही. रिंग अर्धवट बसते, भिंतीवरचे ऑइल भाजून काचेसारखा गुळगुळीत थर धरते आणि मग गाडी ऑइल खाऊ लागते. हा थर पक्का झाला की इंजिन खोलून पुन्हा होनिंग करावे लागते. हल्ली कारखान्यातच होनिंग फार सफाईने होते, त्यामुळे अशी वेळ पूर्वीइतकी येत नाही. तरी धोका संपलेला नाही.

मुंबईत दोन्ही टोके गाठली जातात. अंधेरी-कुर्ला रोडवर एसी लावून तासभर रांगणे हे एक, आणि पहिल्याच रविवारी अटल सेतूचे २१.८ किलोमीटर एकाच वेगाने कापणे हे दुसरे. दोन्हींत इंजिनावरचा भार बदलत नाही. रिंगांना नेमका बदलता भार हवा असतो.

त्यासाठी पहाटे मोकळा रस्ता गाठावा. आधी दहा-पंधरा मिनिटे सौम्य चालवून इंजिन पूर्ण तापू द्यावे. मग तिसऱ्या गिअरमध्ये २००० आरपीएमपासून (इंजिनाचे मिनिटाला फेरे) अर्धा ते दोन-तृतीयांश ॲक्सिलरेटर देत ३००० ते ३५०० पर्यंत न्यावे (डिझेलला २५०० पुरे), पाय काढून गिअरमध्येच गाडी पुन्हा २००० वर येऊ द्यावी. असे आठ-दहा वेळा. पाय काढल्यावर पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये निर्वात तयार होऊन ऑइल वर ओढले जाते आणि घासून निघालेला धातूचा कीस धुतला जातो, म्हणून न्यूट्रल करू नये. घोडबंदरचा गायमुखचा चढ-उतारही यासाठी उत्तम. ऑटोमॅटिकमध्ये मॅन्युअल मोड वापरावा. पूर्ण ॲक्सिलरेटर मात्र हजार किलोमीटरपर्यंत टाळावा.

उड्डाणपुलाच्या चढावर चौथ्या गिअरमध्ये १२०० आरपीएमला धडधडणारी गाडी तशीच ओढणे सर्वांत वाईट, कारण बेअरिंगवर फार ताण येतो. सकाळी इंजिन सुरू करून पार्किंगमध्ये दहा मिनिटे तापवू नये; अर्ध्या-एक मिनिटात सावकाश निघावे. ब्रेकही पहिले ३०० किलोमीटर, अडचण नसेल तर, हलकेच दाबावेत.

दर ५०० किलोमीटरला सपाट जागी, इंजिन बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) पाहावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. ऑइलमध्ये मिसळायचे बाहेरचे रसायन (ॲडिटिव्ह) घालू नये. त्याने घर्षण घटते आणि रिंगा बसायला उशीर लागतो.

आकडे मॉडेलप्रमाणे बदलतात, ते गाडीच्या पुस्तिकेत असतात. शोरूमनी चावी देताना ते एका मराठी पानावर छापून द्यावेत, एवढीच विनंती.

एक वाचक, मुलुंड