बहिणीच्या, बायच्या कामाबद्दल आणि गणेशचवथीबद्दल

लिस्बन,
५ जुलै

ती. बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

आधी तब्येतीचं. मी बरा आहे. मागच्या रविवारी फोनवर आवाज बसलेला वाटला तो साध्या सर्दीने, दोन दिवसांत मोकळा झाला. जेवण वेळेवर होतं, तांदूळ इथे सहज मिळतो आणि आईने दिलेली सोलं अजून अर्धी बरणी आहेत. बाबा, पासपोर्टचं तुम्ही परत विचारलंत म्हणून परत सांगतो. भारताचाच आहे आणि तो बदलायचं माझ्या मनात नाही. "पगार नाही, मग आजारी पडलास तर?" याचंही उत्तर देतो. इथे स्वतंत्र काम करणाऱ्याला सामाजिक सुरक्षेची वर्गणी भरावी लागते. पहिलं वर्ष माफ असतं, पुढे सेवेच्या उत्पन्नाच्या ७० टक्क्यांवर २१.४ टक्के. दर तीन महिन्यांनी उत्पन्न कळवायचं आणि दर महिन्याच्या २० तारखेच्या आत पैसे भरायचे. ती वर्गणी चालू असली की आजारपणात अकराव्या दिवसापासून भत्ता मिळतो. मी एकही हप्ता चुकवलेला नाही. तेव्हा काळजी नको.

इथली एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायलाच हवी, कारण मलाही ती समजायला बराच काळ लागला. दुकानात काहीही घ्या, अगदी कपभर कॉफी, तरी गल्ल्यावरचा माणूस विचारतो, "कोंत्रिबुइंत?" म्हणजे तुमचा कर क्रमांक बिलावर घालू का. नऊ आकडी क्रमांक असतो, त्याला निफ म्हणतात. आपल्याकडे पोदेराने पाव देताना पॅन विचारावा तसं. लोक तो देवाच्या नावासारखा तोंडपाठ म्हणतात, मागे रांग असली तरी कोणी कुरकुरत नाही. कारण असं की क्रमांक घातलेलं बिल सरकारी पोर्टलवर आपल्या नावाने जमा होतं. हॉटेल, केशकर्तनालय, गाडीची दुरुस्ती अशा बिलांवर भरलेल्या व्हॅटचे १५ टक्के आपल्या प्राप्तिकरातून वजा होतात, घरामागे २५० युरोंपर्यंत. शिवाय अशा बिलांवर सरकार सोडतही काढतं, २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा बक्षीस म्हणून मोटारी देत. दुकानदाराने बिल लपवू नये म्हणून गिऱ्हाइकालाच राखणदार केलंय. स्वतंत्र काम करणाऱ्यांच्या पावत्यांना अजूनही 'हिरव्या पावत्या' म्हणतात. पूर्वी त्या हिरव्या कागदावर असत, आता सगळं पोर्टलवरच होतं. एवढं लांबवलं ते अशासाठी की बिल मागणं आणि बिल देणं यात कमीपणा नाही ही सवय मला इथे लागली, आणि बायला सगळ्यात आधी तीच लागायला हवी.

आता बायच्या नोकरीचं. बाबा, "तिला समजाव" असं तुम्ही लिहिलंत. पणजीतली नोकरी सोडून स्वतःचं डिझाइनचं काम करायचं तिने ठरवलंय त्यात ती चुकत नाही, म्हणून मी समजावणार नाही. घाई करते आहे, एवढं खरं. सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत वेगळा आणि तीन तरी कायमची गिऱ्हाइकं हातात, एवढं झाल्याशिवाय राजीनामा द्यायचा नाही, ही अट तिच्यावर घाला. माझीही तीच अट आहे.

बाय, पुढचं तुला लिहितो आहे. आई-बाबांनीही वाचावं, म्हणजे तू दिवसभर काय करणार ते त्यांना कळेल.

दर ठरवताना दुसरा किती घेतो ते विचारू नकोस, आधी स्वतःचा दिवस कितीला पडतो ते काढ. घरी देतेस ते, पेट्रोल, फोन-इंटरनेट मिळून २२,००० धर. सॉफ्टवेअर, बॅकअप आणि लॅपटॉपची झीज ६,०००. विमा आणि आजारपण ४,०००. कर आणि शिल्लक १०,०००. झाले ४२,०००. महिन्यात कामाचे दिवस २२ असले तरी पैसे मिळणारे १२च धर, बाकीचे कोटेशन, भेटी, छापखान्याच्या फेऱ्या आणि वसुलीत जातात. म्हणजे दिवसाला ३,५००. लोगोला सहा दिवस लागणार असतील तर २१,०००च्या खाली उतरू नकोस. समोरच्याला परवडत नसेल तर काम कमी कर, तीनऐवजी एकच कल्पना दे. दर मात्र तोच ठेव.

पैसे तीन हप्त्यांत घे. कामाआधी ५० टक्के, आराखडा पसंत पडल्यावर ३०, आणि शेवटच्या फायली देण्याआधी उरलेले २०. शेवटचे आल्याशिवाय मूळ फाइल द्यायची नाही, पाहायला कमी रिझोल्यूशनची पीडीएफ पाठवायची. दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या किमतीत, तिसरीपासून दिवसाच्या दराने. हे कोटेशनवरच छापून घे. "आणखी एकच बदल" हे वाक्य तुला आठवड्याला दहादा ऐकू येईल, आणि कागदावर लिहिलेलं असलं तरच ओळखीच्या माणसाला नाही म्हणता येतं.

गोव्यात याहून मोठी अडचण हंगामाची. शॅक, म्हणजे वाळूवरच्या हंगामी खानावळी, आणि किनाऱ्यावरची हॉटेलं ऑक्टोबरच्या आत मेनू मागतात, तेव्हा बोलणी जुलैमध्येच सुरू कर. म्हणजे आत्ताच. आणि शॅकवाल्यांकडचं येणं एप्रिलमध्ये पुरं कर. ३१ मेपर्यंत शॅक मोडतात, मग माणूस कुठे शोधणार? पावसातले महिने कोरडे जातात असं धरूनच वर्षाचा हिशोब मांड. त्या दिवसांत काजू, कोकम, मसाले पॅक करणाऱ्यांची लेबलं घे, चवथीच्या मंडळांच्या स्मरणिका घे. पुढे जत्रा लागल्या की नाट्यप्रयोगांची पोस्टरं असतात. त्यांत पैसा थोडा, पण गावोगाव नाव होतं.

लेबलाच्या कामात चूक सगळ्यात महाग पडते, कारण पाच हजार पाऊच छापून झाल्यावर ती कळते. डिझाइनला हात लावण्याआधी गिऱ्हाइकाकडून लेखी घे: अन्नपरवान्याचा १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक, घटक, निव्वळ वजन, एमआरपी, पूर्ण पत्ता, आणि तारीख व बॅच छापायची जागा. शाकाहारी असेल तर हिरव्या चौकटीतला हिरवा गोळा. बारकोडच्या काळ्या रेघा पांढऱ्यावरच ठेव. लाल रेघा कधीच करू नकोस, स्कॅनरचा उजेड लाल असतो, त्याला त्या दिसतच नाहीत. नेहमीच्या ईएएन-१३ बारकोडचा पूर्ण आकार ३७.२९ गुणिले २५.९३ मिलिमीटर, त्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नकोस, आणि बाजूची पांढरी जागा नक्षीने भरू नकोस.

छापखान्याला फाइल देताना सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंचे रंग, ३०० डीपीआयची बारकाई आणि चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड. बारीक मजकुराचा काळा रंग फक्त के १००, म्हणजे निव्वळ काळी शाई, ठेव. चारही शाई मिळून केलेल्या काळ्यात प्लेट केसभर सरकली तरी अक्षरांना रंगीत कड येते. मेनूला ३०० जीएसएमचा जाड कागद घेतलास तर आधी क्रीझ, म्हणजे घडीची खाच, मारून घे, आणि घडी कागदाच्या धाग्याच्या दिशेने ठेव. धाग्याला आडवी घडी घातली की शाई तडकते. एकाच बाजूला लॅमिनेशन केलेलं कार्ड आपल्याकडच्या दमट हवेत पापडासारखं वळतं, म्हणून दोन्ही बाजूंना कर, किमतीत ते आधीच धरून ठेव.

देवनागरीबद्दल मला जास्त लिहायचं आहे, कारण तिथे तू दुसऱ्यांच्या पुढे जाशील. बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर आला तर तो बदलून घेतल्यावर जोडाक्षरं, रफार आणि 'ऱ्य' एकेक करून तपास. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' तिथेच होतं. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही आपल्या लिपीसाठीची सोय लाव, नाहीतर वेलांट्या सुटून पडतात. इंग्रजी मथळ्यासारखं अक्षरांमधलं अंतर वाढवू नकोस, शिरोरेषा तुटते. मथळा मोठा दिसायला हवा असेल तर आकार वाढव किंवा वजनदार फॉन्ट घे. पुष्कळ फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे असतात. फॉन्टमध्ये सोय असेल तर भाषा मराठी निवडली की आपले येतात. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि मोदक मुक्त परवान्याचे आहेत, धंद्यालाही चालतात. मुक्ता मजकुराला, मोदक फक्त मोठ्या मथळ्याला. विकतचं सॉफ्टवेअर सुरुवातीला परवडलं नाही तर इंकस्केपमध्ये जोडाक्षरं नीट बसतात, पण सीएमवायके तिथे अवघड, म्हणून छापायची फाइल स्क्रायबसमधून काढ. छापायच्या प्रतीत अक्षरांचे आउटलाइन, म्हणजे नुसते आकार, कर, आणि मजकूर जिवंत असलेली प्रत वेगळी जपून ठेव. शेवटचा प्रूफ गिऱ्हाइकाने वाचून "छापा" असं लेखी कळवल्याशिवाय प्लेट काढायला सांगू नकोस.

आता कागदपत्रं. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगाची नोंदणी, सरकारी पोर्टलवर फुकट होते, आधार आणि पॅन पुरतं. कोणी पैसे मागितले तर देऊ नकोस. नोंदणी केलेल्या छोट्या उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असा २००६चा कायदा आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. बिलावर उद्यम क्रमांक घाल, म्हणजे त्यांच्या हिशोबनीसाला ते आपोआप कळतं. जीएसटीची नोंदणी सेवेसाठी वर्षाला २० लाखांपर्यंत लागत नाही. एकाच कंपनीकडून वर्षाला ५०,०००च्या वर फी झाली की ते १० टक्के टीडीएस कापतात, पॅन दिला नाहीस तर २०. तो कापलेला पैसा तुझाच आहे, विवरणपत्रात मिळव. प्राप्तिकरात ठोक ५० टक्के नफा धरायची जी सवलत आहे तिच्या यादीत अंतर्गत सजावटीचं नाव आहे, ग्राफिक डिझाइनचं सरळ नाव नाही. म्हणून सीएला विचारूनच ठरव.

लोगोचा हक्क कायद्याने आधी तुझा असतो, नोकरीत केलेल्या कामाचा मात्र मालकाचा. म्हणून नोकरीतलं काम पोर्टफोलिओत घालण्याआधी त्यांची लेखी परवानगी घे. हक्क देतानाही लेखीच दे, मुदत आणि प्रदेश लिहून. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत असं धरतात. गिऱ्हाइकाला हे माहीत नसतं, तू सांगितलंस तर त्याचा विश्वास वाढेल.

इथल्या दोन-तीन लोकांना तुझं काम दाखवलं, त्यांना आवडलं. पण ते काम माझ्या नावावर घेऊन पैसे तुला पाठवणं मी करणार नाही. तसं केलं तर इथे ते माझं उत्पन्न धरलं जाईल आणि तुझ्याकडे परदेशी कामाचा काहीच पुरावा राहणार नाही. बिल तुझंच, पैसे तुझ्याच खात्यात, आणि बँकेकडून परदेशी रक्कम आल्याचा दाखला दर वेळी मागून घे. हे वाचून मी हात आखडता घेतो असं वाटून घेऊ नकोस.

आई, सावंतवाडीच्या आत्येने आणलेल्या स्थळाबद्दल. त्यांना मुलगी कायम नोकरीतली हवी आहे, तर बायने राजीनामा लांबवावा आणि लग्न ठरल्यावर सोडावं असं आत्या म्हणते. तसं करू नका. पहिल्याच भेटीत सांगा की ती स्वतःचं काम करणार आहे, महिन्याला उत्पन्न कमीजास्त होईल, आणि करभरणा केलेला असेल तो दाखवू. हे ऐकून ते मागे सरले तर सरू देत. माझ्या लग्नाचं जानेवारीत आल्यावर बोलूया. मी टाळतो असं तुला वाटतं. थोडं टाळतो, खरं आहे. समोर बसून बोलावं असं वाटतं म्हणून.

मंगळवारपर्यंत ६०,००० बाबांच्या खात्यात जमा होतील. त्यातले ३५,००० मागच्या पडवीच्या वाशांना आणि कौलांना. बाबा, पाऊस उघडल्यावर नको, आत्ताच सुताराला सांगून ठेवा. बाकीचे २५,००० बायच्या सहा महिन्यांच्या शिल्लकेत माझा वाटा. परत करायचे नाहीत.

चवथीला यंदाही येणं होत नाही. ऑगस्टमध्ये सुरू होणारं काम सप्टेंबरच्या अखेरीस द्यायचं आहे, निम्मी रक्कम आधीच घेतलेली आहे. ही गोष्ट मी फोनवर दोनदा सांगायला गेलो आणि दोन्ही वेळा पावसाचंच बोलत राहिलो. आई, रागावू नकोस. गणपतीच्या डोक्यावर बांधतात त्या माटोळीच्या वरच्या आडव्या काठीला मी बांधतो ती गाठ बायला येते, तिलाच चढू दे. बाबांनी शिडीवर चढू नये. आरतीच्या वेळी फोन लावा, तेव्हा इथे साडेचार तास मागे असेल, मी जागा असेन.

तुमचा,
दादा

ता. क. पत्र वाचून झालं की आत्येला पाठवा, पण स्थळाबद्दलचं पान काढून घ्या. आईच्या गुडघ्याच्या नव्या गोळ्यांच्या चिठ्ठीचा फोटो अजून आलेला नाही.