चार्टवरचा 20 चा आकडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नर्सिंगच्या विद्यार्थिनींनी भरलेले टीपीआर (ताप, नाडी, श्वास यांच्या नोंदींचे) चार्ट चाळले, की श्वसनाच्या रकान्यात ओळीने 20 लिहिलेले सापडते. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा असतो, तोही रुग्णाला कळू न देता: बोटे नाडीवर, नजर छातीवर. घाईत ते मिनिट वाचवले जाते आणि वरच्या ओळीतला आकडा खाली उतरतो. प्रकृती ढासळताना बऱ्याचदा श्वास आधी वाढतो, रक्तदाब मागाहून घसरतो. म्हणजे हुकतो तो नेमका पहिला इशारा.

आकडे घेणे लवकर जमते, ते एकत्र वाचणे शिकवावे लागते. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर चार तासांनी 60 किलो वजनाच्या रुग्णाची नाडी 112, रक्तदाब 100/70, श्वास 24, लघवी तासाला 20 मिली. एकेक आकडा सुटा पाहिला तर फारसे कुणी दचकणार नाही. पण किलोमागे अर्धा मिली धरला तर लघवी तासाला निदान 30 मिली हवी. आत रक्तस्राव होत असू शकतो. प्रकृती ढासळतेय का हे अशा आकड्यांवरून ओळखण्याच्या ‘न्यूज’ गुणांकनात नाडी, रक्तदाब, श्वास यांचे प्रत्येकी 2, एकूण 6 गुण होतात. 5 गुणांनाच डॉक्टरांना तातडीने बोलवायचे असते. त्यात रुग्ण ‘जी घबरा रहा है’ म्हणत असेल, तर नुसता धीर देऊन पुढच्या खाटेकडे जाणे धोक्याचे. तरी मुली तसे करतात, कारण ‘का घाबरतोय?’ हे त्यांना कुणी विचारलेलेच नसते.

ते विचारायला ट्यूटर, म्हणजे शिकवणारी शिक्षिका, वॉर्डात हवी. भारतीय परिचर्या परिषदेचे 1:10 हे शिक्षक-विद्यार्थी प्रमाण खाटेपाशी दिसले पाहिजे. नाहीतर शिफ्ट नमुने पोहोचवण्यात जाते आणि केअर प्लॅन (रुग्णाच्या शुश्रूषेचा आराखडा) जुन्या फाइलवरून उतरतो.

सकाळी प्रत्येकीला एकच रुग्ण पूर्ण सोपवावा. औषध देण्याआधी तिने सांगावे: हे याच रुग्णाला का, आधी काय तपासायचे, कशावरून थांबायचे. डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध असेल तर नाडी पूर्ण मिनिट मोजायची. मोठ्या माणसाची 60 च्या खाली असेल तर गोळी न देता डॉक्टरांना विचारायचे. ड्यूटी संपताना वीस मिनिटे सगळ्यांनी बसावे. तिथे चुकीचे उत्तरही पूर्ण ऐकून घ्यावे. एकदा ट्यूटर सर्वांदेखत रागावली, की मुली उद्यापासून गप्प होतात, आणि वॉर्डातली गप्प नर्स रुग्णाला महागात पडते.

धार, झाबुआ, खरगोनपासून रुग्ण इंदूरला येतात. शिकायला इथे काही कमी नाही. महाविद्यालयांच्या तपासणीत फाइलींबरोबर एखाद्या विद्यार्थिनीलाही खाटेपाशी नेऊन, आज या रुग्णात काय बदलले, हे विचारावे, एवढी आमची मागणी आहे.

– काही नर्सिंग शिक्षिका, इंदूर