भाड्याच्या पलंगाबद्दल

प्रिय मनू,

परवा फोन तू ठेवलास की मी, यावरून तुझी आई आणि मी अजून भांडतोय. ‘भाड्याचा संसार’ हे शब्द माझ्या तोंडून जायला नको होते. पलंग, फ्रिज, वॉशिंग मशीन सगळंच महिन्याच्या भाड्यावर, हे ऐकलं आणि आत्याचं रिकामं घर डोळ्यांपुढे आलं. मग जीभ आवरली नाही.

भाड्याच्या वस्तू जास्त टिकतात आणि पर्यावरणालाही बऱ्या, हे तुझं म्हणणं मला पटत होतं, हे आता सांगतो. ऑफिसातलं झेरॉक्स मशीन कुठे आमचं होतं? १९५९ साली ते ९१४ मॉडेल आलं, तेच मुळी भाड्यावर. ठरावीक प्रतींच्या वर गेलात की प्रतीमागे पैसे. आमचं बंद पडलं की तासाभरात माणूस हजर, कारण प्रती थांबल्या की त्यांची कमाई थांबायची. आपल्या वॉशिंग मशीनला मात्र ‘बोर्ड मिळत नाही, नवीनच घ्या’. विकून मोकळा झालेल्याला वस्तू टिकण्याशी काय देणंघेणं? ती ज्याची आहे आणि ज्याला पुन्हा दुसऱ्याला द्यायची आहे, तो ती दुरुस्त करत राहील.

पण भाडं थकलं तर? नोकरीचं काही झालं तर पलंगसुद्धा उचलून नेतील ना?

असो. हे लिहायचं नव्हतं.

कपडे भाड्याने घेताना मात्र जरा बघ. २०२१ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी जीन्सचा हिशेब मांडला होता. ने-आण गाडीने होत राहिली तर भाड्यापेक्षा एकच जीन्स जास्त दिवस वापरणं हवामानाला बरं, असं निघालं. पलंग काही दर आठवड्याला फिरत नाही, तिथे तू जिंकलीस. वर्षातून दोनदा लागणारं ड्रिल तर विकत घेणं मूर्खपणाच, आणि तो मी केलाय. पण भाड्याचंच आहे म्हणून दर वर्षी नवं मॉडेल मागवलंस, तर कसलं पर्यावरण? सवयी आधी... बघ, लागलो शिकवायला. माफ कर.

पहिला फ्रिज घ्यायला मला दोन वर्षं लागली. तू एका दिवसात घर लावलंस. शेजारच्या काकांना मी हे तीनदा सांगितलं. भाड्याचं आहे, हे नाही सांगितलं.

आपलं लाकडी कपाट पाच बदल्यांतून आलं. एक पाय चौथ्या बदलीत गेला, तेव्हापासून खाली पुठ्ठा आहे. त्यात लपून तू झोपून गेली होतीस आणि आम्ही अख्खी इमारत पालथी घातली होती. त्या दिवशी आई पहिल्यांदा माझ्यावर ओरडली.

वस्तू मुदतीआधी परत केली तर काय, ओरखडा पडला तर कोण भरणार, हे करारात वाचलंस ना? त्या पानाचा फोटो पाठव. आणि तीन महिन्यांचं भाडं बाजूला ठेव, म्हणजे भाडं थकलं तरी... पुन्हा तेच.

आई विचारतेय, कपाटातले तुझे कप्पे रिकामे करू का. मी नको म्हटलं.

तुझे
बाबा